इंदूची सुट्टी

१७ जून, मंगळवार

मिलच्या गेटवर नोटीस लागली. माल उठत नाही, म्हणून भट्टी यापुढे महिन्यातले निम्मेच दिवस पेटेल. पगारही निम्मा. नोटिशीत 'अस्थायी' हा शब्द ऱ्हस्व वेलांटीने लिहिला होता, तो मी पेनने दुरुस्त करून आलो. बाकी दुरुस्त करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

भार्गवसाहेबांनी कोण कोणत्या पाळीला ते वाचून दाखवलं, त्यात मला 'खरादवाला' म्हटलं. मी रोल टर्नर आहे. सळई ज्या दोन रुळांमधून दाबून निघते, त्या रुळांवरची खाच मी कापतो. खाच केसभर चुकली की सळई वाकडी. हे मला कोणी हाताला धरून शिकवलं नाही. रात्रीच्या पाळीत बंद लेथ उघडून, आणि इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं चाळून शिकलो. खराद म्हणजे नुसती लेथ, ती तर सायकलवालाही चालवतो.

घरी सांगितलं. इंदू कणीक तिंबत होती. म्हणाली, "मंग दुपारी घरीच जेवाल."

गंधाली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. "पापा, मॉल में लड़कियाँ ले रहे हैं. मैं पूछूँ क्या?"

मी नाही म्हणालो. इंदूही नाही म्हणाली, आणि माझ्या आधी. एखाद्या गोष्टीवर आमचं दोघांचं इतक्या लवकर जमल्याचं मला आठवत नाही.

२६ जून, गुरुवार

इंदू कामाला जाणार आहे. नव्या रायपूरला एका प्रशिक्षण संस्थेच्या मेसमध्ये. हे तिने मला विचारलं नाही, सांगितलं. सांगताना तवा घासत होती, म्हणजे पाठ माझ्याकडे. मेसची गाडी पहाटे आमच्या तात्यापारा वस्तीच्या चौकातून बायकांना घेते आणि संध्याकाळी तिथेच सोडते.

"काम काय?"

"पोळ्या. तिकडच्या बायांचा हात भातावर. पोळी नाही जमत त्यांले."

"लोकांच्या पोळ्या लाटायला आपल्या घरातली बाई जाणार?"

"मंग मी कोणाच्या लाटून राहिली इतके दिवस? तुमीबी लोकच आहात."

थट्टा होती, पण ती हसत नव्हती. मी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, मिल पुन्हा पूर्ण चालू झाली की हे बंद. दोन, याला आपण पगार म्हणायचं नाही, हातभार म्हणायचं. पगार घरात एकच असतो.

"म्हणा ना काहीबी," इंदू म्हणाली. "पिठाले काय फरक पडते."

(बोलताना मीही 'मले', 'तुले'च म्हणतो. लिहिताना नाही. लिहिण्याची शिस्त वेगळी.)

९ जुलै, बुधवार

मी घरी बसलो आहे. 'मशीनवर बसणे' आणि 'घरी बसणे', क्रियापद एकच, पण दुसरं ऐकलं की माणूस मान खाली घालतो.

बसून राहवेना म्हणून स्वयंपाकघरातले डबे उतरवले, पुसले, सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वर्णानुक्रमे लावले. संध्याकाळी इंदू आली, हात धुतले, कढई ठेवली, मग थांबली.

"जिरं कुठं आहे?"

"ज मध्ये."

ती डब्यांकडे बराच वेळ बघत उभी राहिली. "मोहरी?"

"म. मेथीच्या पुढे."

"तेल तापून राहिलं अन् मी बाराखडी म्हणू का?" तिने जिरं, मोहरी आणि हळद पुन्हा गॅसजवळ आणली. बाकीचे डबे माझ्या क्रमाने राहू दिले.

शेजारी विचारतात, वहिनी पहाटे कुठे जातात. मी सांगितलं की दुर्गला तिच्या बहिणीचा गुडघा दुखावलाय, तिच्याकडे जाऊन येऊन करते. गुडघा म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

२५ जुलै, शुक्रवार

काल हरेली झाली, इकडच्या शेतकऱ्यांचा सण. मेसमधल्या बायकांनी गुळाचे चिले, म्हणजे धिरडी, केले म्हणून इंदू डब्यात घालून घेऊन आली. केवराबाई म्हणून तिथली एक आहे, भाताच्या मोठ्या हंड्यावर काम करते. तिने काहीतरी सांगितलेलं इंदू आम्हाला सांगत होती आणि सांगता सांगताच हसत होती, त्यामुळे विनोद पूर्ण झालाच नाही. गंधाली हसली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सांगितलं, तर इंदू म्हणाली, "तुमाले सांगून नाही समजणार, तिथं असा लागते."

तिच्या बोलण्यात आता 'हव' येऊ लागलंय. छत्तीसगढीत 'हो'ला 'हव' म्हणतात. मी तिला दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "हव."

४ ऑगस्ट, सोमवार

भट्टी पूर्ण पेटली. वरून डबल मागतायत, म्हणजे एक पाळी संपली की लगेच दुसरी. डबलचे पैसे दर आठवड्याला हातात. मी सगळ्यांच्या आधी नाव दिलं. भार्गवसाहेब म्हणाले, "इस उमर में डबल?" मी म्हणालो की वय रुळाचं मोजतात, टर्नरचं नाही.

माझा विचार असा. माणूस कामाला जातो तो गरजेपोटी. गरज ही खाच आहे, ती भरली की रूळ सपाट. घराची तूट मी एकट्याने भरून काढली की इंदूला जायचं कारण उरणार नाही. तिला 'जाऊ नको' म्हणावंच लागणार नाही. जोराने बंद केलेली मशीन बिघडते, वीज काढली की ती आपोआप थांबते. हे मला आज बसमध्ये सुचलं आणि बरं वाटलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मंगळवारी डबलचे पैसे आले ते इंदूच्या हातात दिले. म्हणालो, "आता भागतंय आपलं. तू थांबू शकतेस."

ती म्हणाली, "हव."

मी निर्धास्त झोपलो. काल पहाटे पाहतो तर बाई चपला घालून दारात. संध्याकाळी विचारलं, "तू हव म्हणाली होतीस ना?"

"म्हणाली ना."

"मग?"

"हव म्हंजे आयकलं. केवराबाई तं दिवसभर म्हणते मॅनेजरले. हव भैया, हव भैया. करते तेच जे तिले करायचं."

एका होकाराचे किती अर्थ होऊ शकतात, याची मला कल्पना नव्हती. डबलमुळे उजवा खांदा भरून येतोय. लेथवर हात स्थिर आहे, पण आंघोळीचा तांब्या डाव्या हाताने उचलावा लागतो.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

घरच्या गणपतीला यंदा इंदू नव्हती.

तीजा, म्हणजे इकडची हरतालिका, आला की इकडच्या बायका माहेरी जातात, बाप नाहीतर भाऊ न्यायला येतो, आणि कोणताही मालक त्यांना अडवू शकत नाही. केवराबाईसकट मेसमधल्या सगळ्या गेल्या. राहिली एक मराठी बाई, जिची हरतालिका घरातल्या घरात होते. तेव्हा पोळ्या तीच करतेय, भातही तीच, आणि दोन नवख्या पोरींना शिकवतेयही तीच. हरतालिकेचा उपास करून गेली. मोदक आदल्या रात्री करून ठेवले होते. स्थापना मी केली, आरतीला मी आणि गंधाली. ताम्हन कुठे ठेवलंय ते सापडेना, ते माझ्याच क्रमाने 'त'मध्ये होतं.

संध्याकाळी ती आली, हातपाय धुतले, गणपतीपुढे बसली आणि बसल्या बसल्याच डोळा लागला. डोकं भिंतीला. गंधाली म्हणाली, "सोने दो ना पापा." मी उठवलं नव्हतंच. मी फक्त समई जरा लांब सरकवली, पदर पेटेल म्हणून.

सणाची म्हणून दिवसाची पाळी सोडली होती; मग रात्रीच्या पाळीची वेळ झाली, मी निघालो.

१ सप्टेंबर, सोमवार

बूढापाऱ्याला सरोजिनीवहिनींकडे महालक्ष्म्या. माझ्या चुलतभावाची बायको. जेवायला एकटाच गेलो. पंगतीत कोणीतरी विचारलं, इंदू नाही आली? मी दुर्गचा गुडघा काढला.

वहिनी वाढता वाढता थांबल्या. "भाऊजी, खोटं काहून बोलून राहिले देवीच्या पुढं? ती तिकडे मेसात आहे. आमच्या मोलकरणीची भाची तिथंच भांड्यावर आहे."

पुरणाचा घास तोंडात तसाच राहिला. सगळे ऐकत होते. आता वहिनी पंगतीसमोर काय म्हणणार, याची तयारी मी करत होतो. त्या वाकल्या आणि हळू म्हणाल्या, "अजून कोणाले घेतात का हो तिथं? माझ्या पोळ्या तिच्याहून पातळ आहेत. विचाराल?"

मी तूप नको म्हणालो आणि उठलो. घरी येताना ठरवलं की आता हे समोरासमोर संपवायचं. तिच्याशी नाही. तिच्याशी बोललं की 'हव' येतं. सरळ तिच्या मॅनेजरशी.

३ सप्टेंबर, बुधवार

सगळं जसं झालं तसंच लिहितो.

पहिली पाळी टाळली आणि दोन बस बदलून नव्या रायपूरला गेलो. शेवटच्या थांब्यापासून पायी. रस्ता असा रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि सावली कुठेच नाही. चालताना वाक्य जुळवत होतो, कारण बोलणं हिंदीत होणार होतं. 'नौकरी छुड़वा दीजिए' हे अडाणी माणसाचं बोलणं झालं, आणि त्यात घरात भांडण असल्याचा वास येतो. शेवटी सभ्य वाक्य ठरवलं: बहुत सेवा हो गई, अब इन्हें छुट्टी दे दीजिए. मोठ्या माणसाला मानाने निरोप द्यावा, तसं.

मॅनेजर म्हणजे यशदीप नावाचा तरुण मुलगा. केबिनला काचेची भिंत, पलीकडे स्वयंपाकघर. वाफेतून एवढंच दिसलं की भल्यामोठ्या तव्यापाशी एक बाई डोक्याला फडकं बांधून पाठमोरी उभी आहे आणि दोन मुलींना लाटणं कसं धरायचं ते दाखवते आहे. मुलींनी काहीतरी म्हटलं आणि ती हसली. काचेतून आवाज नीट येत नव्हता. ती इंदू आहे हे कळायला मला जरा वेळ लागला.

मी वाक्य बोललो.

तो पोरगा खुर्चीतून उठलाच. "अंकल, आप बैठिए पहले. मैं ख़ुद शर्मिंदा हूँ. तीजा में सब मायके चली गईं, पूरा मेस दीदी ने सम्हाला. गणपती में भी आईं. मुझे बोलना चाहिए था. शुक्रवार को दे देता हूँ छुट्टी. पैसा नहीं कटेगा."

"नहीं, मेरा मतलब है, पूरी छुट्टी."

"हाँ अंकल, पूरी. आधे दिन की थोड़ी न देंगे."

मी पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात चहा घेऊन एक ठेंगणी बाई आत आली. यशदीप तिला म्हणाला, "केवरा बाई, ये इंदू दीदी के घरवाले हैं. उनके लिए छुट्टी माँगने आए हैं. इतनी धूप में."

केवराबाईने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "अइसन आदमी सब झन ला मिलय," ती म्हणाली, असा माणूस सगळ्यांना मिळो, आणि बाहेर जाऊन बाकीच्यांना सांगायला लागली, हे तिच्या हातवाऱ्यांवरून दिसत होतं. त्या बायकांनी वळून पाहिलं. इंदूने पाहिलं नाही, तिची पोळी तव्यावर होती.

माझं वाक्य चुकलं नव्हतं. मी प्रत्येक शब्द तपासून घेतला होता.

मला जेवूनच जा म्हणाले. ताट आलं. पोळी हातात घेतली आणि सवयीने दोन बोटांत धरून फिरवून पाहिली. कडा आणि मध्य एकाच जाडीचे, कुठेही चढउतार नाही. दुसरी पाहिली, तीही तशीच. घरच्या पोळ्या मी अशा कधी धरून पाहिल्या नव्हत्या, सरळ खाल्ल्या होत्या.

मागच्या दाराने निघालो. परतीची बस यायला फार वेळ लागला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

इंदूची सुट्टी.

मला वाटलं, साठलेली कामं काढेल. पहिल्या पाळीनंतर घरी आलो तर ती झोपलेली. भर दुपारी, पंख्याखाली, हात डोळ्यांवर. कपडे भिजवलेले नाहीत, भांडी सकाळचीच. लग्नापासून तिला दिवसा झोपलेलं मी फक्त आजारपणात पाहिलं आहे, म्हणून कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

आज डबल केली नाही. लेथचा पट्टा ढिला होता. तसा तो चालला असता, पण ढिल्या पट्ट्यावर मी काम करत नाही.

भाजीवाला गल्लीत आला की फार ओरडतो. मी खुर्ची बाहेर टाकून दारात बसलो, आणि तो कोपऱ्यावर दिसताच हाताने खूण केली. त्याला वाटलं मला भाजी हवी. उगाच दोडके घ्यावे लागले.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी चहा पिताना इंदू म्हणाली, "केवराबाई सांगून राहिली होती. तुमी तिथं हात जोडून उभे होते म्हणे."

"हात जोडले नव्हते."

"छुट्टी मागाले गेलते. दोन बस बदलून."

"हो."

ती बशीत चहा ओतून बघत राहिली. "सगळ्या बाया मले चिडवून राहिल्या. म्हणे दीदी, तुझ्या माणसाले दोन दिवस आमच्या घरी पाठव." मग कप खाली ठेवला. "तुमी काय मागाले गेलते ते माहीत आहे मले."

गंधाली आतल्या खोलीत होती, तिच्या पुस्तकाचं पान उलटण्याचा आवाज थांबला.

"तुमी म्हणता ना, आता गरज नाही, घरी बस."

"बस म्हणालो नव्हतो. थांब म्हणालो होतो."

"बरं, थांब. घरी थांबू तं कोणाजवळ? पोट्टी कॉलेजात. तुमी एक पाळी करता, मंग दुसरी करता, मंग येऊन झोपता. मी जाऊ नये म्हणून तुमी डबल करून राहिले, अन् तुमी डबल करता म्हणून घरात कोणी नाही. मी काय डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचू?"

मी म्हणालो की हिशेबाने पाहिलं तर दोघांपैकी एकाची कमाई पुरेशी आहे.

"मंग तुमी सोडा," इंदू म्हणाली.

ती रागावली नव्हती. भाव सांगावा तशी म्हणाली. मग उठली आणि उद्यासाठी साडी काढून ठेवली.

दिवसभर त्या वाक्यात काय चूक आहे ते शोधत होतो. चूक सापडली नाही, पण आहे, नक्की आहे. खांदा दुखत असला की नीट विचार होत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

सरोजिनीवहिनींसाठी यशदीपला फोन केला. विचारायला काय जातं. तो म्हणाला, भेज दीजिए. दीदी बता रही थीं कि आप ख़ुद आएँगे छोड़ने. मी असं काही म्हटलं नव्हतं. इंदूला विचारलं तर म्हणते, "वहिनीले बस बदलणं नाही समजत. तुमाले रस्ता पाठ आहे."

२२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून नवरात्र. भार्गवसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दिवाळीपर्यंत मोठी ऑर्डर आहे, रोज डबल लागेल. "रेट भी बढ़ा रहे हैं. सबसे पहले आपको बोल रहा हूँ, आपके जैसा हाथ नहीं है किसी के पास."

बोलावणं वेळेवर आलं होतं आणि भावही चांगला होता. अशा वेळी मी काय म्हणायचो ते मला पाठ आहे. पण मी म्हणालो, "एकच पाळी करेन साहेब."

"क्यों? रेट कम है?"

"नाही."

"तबियत?"

खांदा होता. खांदा खरा होता, डॉक्टरची चिठ्ठीही खिशात होती, आणि ते कारण कोणत्याही पुरुषाला शोभलं असतं. ते काढायला मी खिशात हात घातला आणि तोंडातून निघालं, "घरवाली नौकरी पे जाती है. उनकी पगार आती है."

केबिनमध्ये दोघे फोरमन होते. एकाने मान वर केली. 'पगार' शब्द कसा काय आला, कोण जाणे. हिंदीत बोलताना नेमका शब्द सापडत नाही.

साहेबांनी विचारलं, "तो शाम को घर पर करेंगे क्या आप?"

याचं उत्तर मिलमधून घरी येईपर्यंत बसमध्ये शोधत होतो. चिठ्ठी दाखवली असती तर एवढं बोलणंच झालं नसतं.

घरी आलो तर कोणीच नव्हतं. घटापाशी दिवा तेवत होता, त्यात तेल घातलं. कणीक भिजवावी असं मनात आलं. परात काढून पीठ घेतलं, पण पाणी किती घालायचं ते नक्की माहीत नव्हतं, आणि अंदाजे काम मी करत नाही. परात तशीच ओट्यावर ठेवली.

इंदू आली. मला घरात पाहून दारातच थांबली, घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डबल नाही?"

"नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही."

तिने परात पाहिली, कोरडं पीठ पाहिलं. पिशवी खुंटीला लावली आणि चपला काढून माझ्या शेजारी खाटेवर येऊन बसली. तिच्या केसांना धुराचा वास, माझ्या हातांना ग्रीसचा. गल्लीत कुठेतरी देवीचं जसगीत सुरू झालं होतं. दोघांनाही भूक लागलेली होती, हे दोघांनाही कळत होतं. उठायचं कोणी हे बराच वेळ ठरलं नाही, आणि ते ठरवायची घाई कोणालाच नव्हती.